डॉ. झाकीर हुसेन आणि भिंतीवरची पट्टी



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे असे सांगण्यात आले तेव्हा डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव मी स्वतःहून मागून घेतले. आपण म्हणाल, त्यात नवीन ते काय? भारताचे तिसरे राष्ट्रपती, भारतरत्न, एवढे तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही असते. खरे आहे. पण मी हे नाव घेतले ते राष्ट्रपतिपदासाठी नव्हे. पाचवीच्या वर्गात दशांश अपूर्णांक शिकवताना माझी जी फजिती झाली, तिचे उत्तर मला या माणसाच्या चरित्रात सापडले. म्हणून आधी फजिती सांगतो, मग चरित्र.

फळ्यावर मी दोन संख्या लिहिल्या, १.४ आणि १.३२. मोठी कोणती? सारा वर्ग एका सुरात म्हणाला, १.३२. का? तर बत्तीस चारापेक्षा मोठे! मी नियम सांगितला. चारापुढे शून्य द्या, १.४० करा, आता तुलना करा. मुलांनी मान डोलावली, वहीत उतरवून घेतले, नियम पाठही केला. आठवड्याने चाचणीत १.५ आणि १.१२५ या संख्या दिल्या. निम्म्याहून अधिक मुलांनी १.१२५ ला मोठे ठरवले. एकशेपंचवीस पाचापेक्षा मोठेच की हो! नियम पाठ होता, पण दशांश चिन्हानंतरचा तो चार म्हणजे नेमके किती, हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, हाताने धरले नव्हते. चूक मुलांची नव्हती, माझी होती. बी.एड.ला असताना झाकीर हुसेन समितीचे नाव परीक्षेपुरते पाठ केले होते. फजितीनंतर ते पुन्हा उघडून वाचले.

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, आफ्रिदी पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करीत. सात भावांत झाकीर तिसरे. १९०७ साली वडील क्षयाने गेले आणि भरलेले घर उठून पुन्हा कायमगंजला आले. मुलाला इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात ठेवले. १९११ साली प्लेगची साथ आली आणि त्या साथीत आईही गेली. तेव्हा झाकीरचे वय चौदा वर्षांचे. हे वाचणाऱ्यांत डोक्यावरचे छत्र हरपलेली मुलेही असतील, म्हणून हा भाग गाळला नाही. इटाव्याचे मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन यांनी या मुलाला घडवले. पुढे सारा देश ज्याला शिक्षक म्हणून ओळखू लागला, त्याला घडवणारा माणूसही एका लहान गावातल्या शाळेचा मुख्याध्यापकच होता, हे आम्हा शिक्षकांना सुखावणारे आहे.

१९१३ साली ते अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाले. १९१८ साली बी.ए. झाले, पुढे अर्थशास्त्र आणि कायदा शिकू लागले, शिकता शिकता शिकवूही लागले. चांगली नोकरी, मानमरातब, सारे समोर दिसत होते. ऑक्टोबर १९२० मध्ये महात्मा गांधी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्था सोडा, असे आवाहन त्यांनी केले. काही विद्यार्थी आणि अध्यापक बाहेर पडले, त्यांत तेवीस वर्षांचे झाकीर हुसेन होते. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामिया ही राष्ट्रीय संस्था निघाली. इमारत नाही, पैसा नाही, सरकारमान्य पदवी नाही. अशा संस्थेत त्यांनी आपले आयुष्य घातले.

मधली तीन-चार वर्षे मात्र जर्मनीत गेली. १९२२ साली ते बर्लिनला गेले आणि १९२६ साली तेथील विद्यापीठाची अर्थशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन परतले. पदवीपेक्षा मला त्या मुक्कामातल्या दुसऱ्याच दोन गोष्टींचे महत्त्व वाटते. एक अशी की, बर्लिनच्या कवियानी छापखान्यात त्यांनी मिर्झा गालिब यांचा दीवान छापून घेतला, आणि सांगतात की पैसे अपुरे म्हणून किंवा हौस म्हणून स्वतः खिळे जुळवायलाही बसले. डॉक्टरेटचा विद्यार्थी हात काळे करून अक्षर जुळवतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा! दुसरी गोष्ट म्हणजे जर्मनीत त्या काळी जॉर्ज केर्शेनस्टाइनर या शिक्षणतज्ज्ञाच्या विचाराचा बोलबाला होता. म्युनिकच्या शाळांत त्यांनी सुतारकाम, बागकाम, स्वयंपाक यांना वर्गात आणले होते. मूल काम करते तेव्हा काम त्याला तपासते. फळी आखूड कापली तर खोके जुळत नाही, तेथे मास्तरांनी लाल शाई लावण्याची गरज उरत नाही. हा विचार झाकीरसाहेबांच्या मनात खोल रुजला.

ते जर्मनीत असतानाच जामियाची स्थिती बिकट झाली होती. १९२५ साली हकीम अजमल खान यांनी ती दिल्लीला करोलबागेत आणली. ती बंद करावी असेही बोलले जात होते. झाकीर हुसेन आणि त्यांचे दोन मित्र, आबिद हुसेन व मोहम्मद मुजीब, यांनी आपण तिघे येऊन तेथेच काम करू असे कळवले आणि १९२६ साली ते खरोखरच आले. झाकीरसाहेब एकोणतिसाव्या वर्षी तिचे कुलगुरू झाले. पुढच्याच वर्षी हकीमसाहेब वारले आणि पैशाचा शेवटचा आधारही गेला. तेव्हा १९२८ साली काही अध्यापकांनी प्रतिज्ञा केली. वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांहून जास्त वेतन घेणार नाही. बर्लिनची डॉक्टरेट आणि दीडशेची मर्यादा! प्रत्यक्ष हाती पडे ते तर त्याहूनही कमी.

या कुलगुरूंचा जीव मात्र प्राथमिक शाळेत रमे. मुले मळके बूट घालून येतात, सांगूनही ऐकत नाहीत, तेव्हा एके दिवशी ते स्वतः ब्रश आणि पॉलिशची डबी घेऊन फाटकाशी बसले आणि येईल त्याचे बूट पुसू लागले, अशी आठवण सांगतात. दुसरी आठवण सांगताना हात जड होतो. प्राथमिक शाळेच्या निकालाच्या दिवशी ते मुलांना मिठाई वाटत होते. शिपायाने येऊन कानात सांगितले की धाकटी मुलगी रेहाना गेली. त्यांनी वाटप थांबवले नाही. मुलांच्या आनंदात विरजण पडू नये, म्हणून शेवटच्या मुलाला मिठाई देऊनच ते घरी गेले. पुढे त्यांनी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिल्या त्या रुकय्या रेहाना या नावाने. अब्बू खाँची बकरी ही त्यांतली गोष्ट आजही उर्दू शाळांतील मुले आवडीने वाचतात. १ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली, ती कोणा मोठ्या पाहुण्याच्या नव्हे, तर सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून.

त्या प्राथमिक शाळेत मुलांची बँक होती, मुलांचे दुकान होते. अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारखे शिक्षक हे उपक्रम चालवीत. जर्मनीहून आलेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या बाई लहान मुलांकडे पाहत. त्या १९४३ साली वारल्या आणि जामियाच्याच कब्रस्तानात त्यांना दफन केले. मुलांच्या दुकानात बेरीज चुकली तर गल्ला जुळत नसे. पुस्तकातल्या उदाहरणात चुकले तर गुण जातो, दुकानात चुकले तर दोन आणे जातात, आणि हे दोन आणे मुलाच्या जास्त लक्षात राहतात, असे माझे मत आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. सात वर्षांचे सक्तीचे मोफत शिक्षण मातृभाषेतून द्यावे, ते एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने द्यावे, आणि मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकाच्या पगाराचा खर्च निघावा, अशी त्यांची कल्पना होती. आपण तेथे असतो तर बहुधा माना डोलावून गप्प बसलो असतो. झाकीर हुसेन बसले नाहीत. कामातून शिक्षण हा विचार मला मान्य आहे, पण तो अगदीच नवा नाही, इतर देशांतही त्याचे प्रयोग झाले आहेत, असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांनी धोकाही दाखवला. शाळेने स्वतःचा खर्च काढायचा असे ठरले, तर शिक्षकाचे लक्ष मुलाच्या शिकण्यावरून उडून मालावर जाईल आणि मुले वेठीला धरली जातील. गांधीजींचे मोठेपण असे की, अभ्यासक्रम ठरवण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद त्यांनी याच टीकाकाराला दिले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सैय्यदैन अशी मंडळी होती. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल तयारही झाला. आजच्या समित्यांचा वेग पाहता यावर विश्वास बसणे कठीण आहे!

या अहवालातला गणिताचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलाने गणित कशासाठी शिकायचे? तर आपल्या उद्योगात, घरात आणि गावात जे हिशेब पडतात ते झटपट करता यावेत म्हणून. बेरीज-वजाबाकीपासून अपूर्णांक, दशांश, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रमापन आणि जमाखर्च लिहिण्यापर्यंतचे विषय त्यात आहेत. नुसते आकडे फिरवणे म्हणजे गणित नव्हे, प्रत्यक्ष वस्तू मोजताना, तोलताना, त्यांची किंमत काढताना मुलाची विचारशक्ती वाढते, असा त्याचा आशय आहे. दिवसाचे वेळापत्रकही दिले होते. एकूण साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूळ उद्योगासाठी, आणि संगीत, चित्रकला व गणित या तिघांना मिळून अवघी चाळीस मिनिटे. हे वाचून आजचा पालक दचकेल. गणिताला एवढाच वेळ? पण गणित त्या तीन तास वीस मिनिटांतही होते, फक्त त्याच्यावर गणिताची पाटी नव्हती.

कसे ते पाहा. मूल टकळीवर सूत काते. सुताची एक लड म्हणजे ८४० वार, आणि एका पौंड वजनात अशा जितक्या लडी भरतील तितका त्या सुताचा नंबर. आता मुलाने ८४ वार कातले तर झाली लडीचा दहावा भाग, म्हणजे ०.१ लड. २१० वार कातले तर पाव लड, म्हणजे ०.२५. कालचे ०.१ आणि आजचे ०.२५ मिळून ०.३५ लड, म्हणजे २९४ वार. वार मोजून पाहा, जुळतात की नाही! ०.३ लड मोठी की ०.२५, हे त्या मुलाला नियमाने सांगावे लागत नाही. एकात २५२ वार सूत आहे, दुसऱ्यात २१०. ते सूत त्याने स्वतःच्या बोटांनी काढलेले असते आणि जास्तीच्या बेचाळीस वारांना किती वेळ लागला, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.

या योजनेला विरोधही झाला, आणि आपल्या समाजातून बराच झाला. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालात वर्धा योजनेवर टीका आहे. तिच्यात धार्मिक शिक्षणाला जागा नव्हती, हा एक आक्षेप. हिंदू असोत की मुसलमान, साध्या पालकांचा आक्षेप वेगळाच होता. मुलाला शाळेत घालायचे ते काय सूत कातायला? झाकीरसाहेब दोन्ही बाजूंच्या रोषाला तोंड देत राहिले. त्याच १९३८ साली सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि जामियात अशा शाळांच्या शिक्षकांसाठी उस्तादों का मदरसा सुरू झाला. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारनेही मूलोद्योग शाळा काढल्या. आपला भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होता आणि १९४८ साली विलीन झाला, त्यामुळे टकळी आपल्याकडच्या शाळांत मागाहून आली. आजही काही प्राथमिक शाळांच्या नावात जीवन शिक्षण हे शब्द दिसतात, ते त्याच वेळचे.

शेवट मात्र चांगला झाला नाही. पुष्कळ ठिकाणी टकळीचा तास वेगळा आणि गणिताचा तास वेगळा असे होऊन बसले. सूत तुटके निघे, ते कोणी मोजत नसे आणि कोपऱ्यात पडून राही. आपल्याच योजनेच्या नावाखाली चाललेला हा प्रकार म्हणजे फसवणूक आहे, असे पुढे झाकीरसाहेबांनी स्वतः जाहीरपणे सांगितले. आपल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेबद्दल असे बोलायला धैर्य लागते.

पालकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. दर वर्षी सातवी-आठवीतले एखाददुसरे पोर वर्गातून कमी होते आणि हायवेवरच्या गॅरेजात, बेकरीत किंवा दुकानात दिसू लागते. वडिलांना विचारावे तर उत्तर मिळते, सर, तिथे तो हाताने काम शिकतो आहे, तुमचे दशांश तरी पोट भरणार आहेत काय? हाताने शिकणे चांगले असे मीच म्हणतो, मग हे काय वाईट, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर झाकीर हुसेन यांनी १९३७ साली वर्ध्यात देऊन ठेवले आहे. जे काम मुलाचा माल किती निघाला हे मोजते, ते शिक्षण नव्हे. गॅरेजात पोराच्या हातात पाना देतात, पण मिलिमीटर म्हणजे काय हे त्याला कोण सांगतो? दहा नंबरचा पाना आण म्हटले की तो आणतो. तो दहा कशाचा, हे त्याला माहीत नसते. पोराला घरच्या कामाला हात लावू द्या, जरूर लावू द्या, पण शाळेतून काढून नव्हे.

आता दशांशाकडे परत येतो. १९३७ साली समितीने दशांश अभ्यासक्रमात घातले खरे, पण बाजारात त्या वेळी दशांश नव्हते. रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट, शेर, छटाक, तोळा, वार, फूट, इंच असा सारा कारभार. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो, लिटर आणि मीटर आले. त्या १९५७ सालीच झाकीरसाहेब बिहारचे राज्यपाल झाले होते. अहवालात लिहिलेला दशांश वीस वर्षांनी दर मुलाच्या मुठीत आला. दहा पैशांचे नाणे म्हणजे ०.१ रुपया, पंचवीस पैसे म्हणजे ०.२५. आमच्या आईवडिलांची पिढी दशांश शिकली ती या नाण्यांवर, पुस्तकावर नव्हे. पुढे ही नाणी बाजारातून गेली. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर व्यवहारातून बंदच झाली. आता तर मूल दुकानात मोबाइल दाखवते आणि यंत्र पैसे मिळाल्याचे सांगते. दशांश पुन्हा मुठीतून निघून पुस्तकात गेला, आणि माझी पाचवीतली फजिती झाली ती यामुळे, असा माझा तर्क आहे.

मग आम्ही काय केले ते सांगतो. वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून कागदाची पट्टी चिकटवली. दर दहा सेंटिमीटरला रंग बदलला, एक घर लाल, एक पांढरे. दहा घरे म्हणजे एक मीटर. मग मुलांना भिंतीशी उभे केले. एकाची उंची भरली एक मीटर आणि वर चार घरे. लिहिले १.४. दुसऱ्याची भरली एक मीटर, वर तीन घरे आणि दोन सेंटिमीटर. लिहिले १.३२. आता सांगा, मोठे कोण? वर्ग हसू लागला. ज्याची संख्या बत्तीसवाली होती तो मित्राच्या खांद्याला खांदा लावून उभा होता आणि चांगला आठ सेंटिमीटर ठेंगणा होता! तो स्वतःच म्हणाला की माझी घरे तीनच आहेत. त्या दिवसापासून आम्ही एक पॉइंट बत्तीस असे वाचणे बंद केले. एक पूर्णांक तीन दशांश दोन शतांश असे वाचतो. लांबलचक आहे, पण चूक होत नाही.

दुसरा प्रयोग दुधाचा. आपल्या भागात बहुतेक घरांचा डेअरीशी संबंध येतो. मुलांना घरच्या स्लिपा आणायला सांगितल्या. दूध ४.५ लिटर, फॅट ३.८. एका मुलीने ४.५ चा अर्थ सांगितला, चार लिटर आणि वर पाच. पाच काय? तर सांगता येईना. मग बादलीत पाणी, शंभर मिलिलिटरचे माप आणि लिटरचे भांडे घेतले. दहा मापांनी भांडे भरले, म्हणून एक माप म्हणजे ०.१ लिटर. ४.५ म्हणजे चार भांडी आणि पाच मापे. स्लिपेवर चुकून ४.०५ लागले तर? मुलांनी मापून काढले, साडेचार माप दूध गेले! आता त्या घरी स्लिप आली की मुलगी आधी पाहते असे कळले. वर्ग ओला झाला, शेजारच्या वर्गाने गोंगाटाची तक्रार केली, पण ते चालायचेच.

घरातल्या बुजुर्गांचाही उपयोग करून घ्या. आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असत, साडेतीनाची औटकीसुद्धा. पाव म्हणजे ०.२५, निम्मे ०.५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५. जी मुले पाऊण किलो साखर बिनचूक आणतात तीच वहीत ०.७५ पाहून घाबरतात, कारण ही दोन्ही एकच आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. काट्यावर ०.७५० दिसले की मुलाला विचारा, हे किती? शिंप्याची टेप घरी असेल तर तिची सेंटिमीटरची बाजू मुलीच्या हातात द्या आणि पडद्याचे कापड तिला मोजू द्या. पेट्रोल पंपावर आकडे फिरत असताना दोघे मिळून वाचा. याला पैसा लागत नाही, शिकवणी लागत नाही, थोडा धीर मात्र लागतो. आपल्याला घाई असते आणि मूल सावकाश वाचते, एवढीच अडचण.

झाकीरसाहेबांचे पुढचे चरित्र बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ऑगस्ट १९४७ मध्ये दंगलीच्या दिवसांत जालंधर स्टेशनावर त्यांच्या जिवावर बेतले होते. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांना वाचवले. १९४८ ते १९५६ या काळात ते अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५७ ते १९६२ बिहारचे राज्यपाल, १९६२ ते १९६७ उपराष्ट्रपती, १९६३ साली भारतरत्न, आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. त्या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान. गुलाबांची त्यांना भारी आवड, तऱ्हेतऱ्हेचे दगड आणि जीवाश्म जमवण्याचाही छंद. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. दफन केले ते जामियाच्या आवारात, ज्या संस्थेसाठी ऐन तारुण्यात दीडशेची मर्यादा घालून घेतली होती तेथेच.

आमच्या वर्गातली पट्टी अजून भिंतीवर आहे. तिच्यावर मुलांनी आपापल्या उंचीच्या खुणा पेन्सिलीने केल्या आहेत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हाच्या खुणा निळ्या, दिवाळीनंतरच्या लाल. ज्याची उंची १.३२ होती त्याची आता १.३५ झाली आहे, आणि तीन शतांश वाढलो हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. पालक सभेला याल तेव्हा वर्गात जरूर या. आपल्या मुलाला भिंतीशी उभे करा, हातात पेन्सिल द्या आणि चिन्हानंतरचे आकडे त्यालाच वाचू द्या. पट्टी जमिनीपासून एक पूर्णांक आठ दशांश मीटरपर्यंत आहे, तेव्हा आपलीही उंची मोजून घेता येईल.